तलावावरील पहाटेचे फोटो धूसर का येतात? कारण शोधण्याची रीत

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावांवर, हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांकडून एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. पहाटे अंधारात उठून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसावे, समोर सारसाची जोडी किंवा पट्टकादंब या हंसवर्गीय पक्ष्यांचा थवा असावा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उत्तम दिसावा आणि घरी येऊन संगणकावर मोठा करून पाहिला, की पिसांची एकही रेघ सुटी दिसू नये. अशा वेळी पहिला संशय लेन्सवर जातो. लेन्स दुरुस्तीला पाठवली जाते, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि पुढच्या पहाटे पुन्हा तोच प्रकार होतो.

या तक्रारीचे निवारण होत नाही, याचे कारण असे की ‘फोटो धूसर आला’ या एका वाक्याखाली अगदी निरनिराळे बिघाड एकत्र केले जातात. हात हलणे, पक्षी हलणे, काचेवर दव साचणे, फोकस दुसऱ्याच वस्तूवर बसणे, हवा थरथरणे आणि लाल रंगाची माहिती जळून जाणे या सहा गोष्टींचा परिणाम वरवर पाहता सारखाच दिसतो, पण त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. काही वेळा तर एकाचा उपाय दुसऱ्याचा बिघाड वाढवतो. मात्र या कारणांपैकी बहुतेकांची सकाळमधील वेळ बऱ्यापैकी ठरलेली असते. म्हणून फोटोची वेळ सूर्योदयाशी ताडून पाहिली, की निम्मे निदान तिथेच होते.

आधी फाइल नीट वाचावी

यासाठी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असले पाहिजे आणि त्या ठिकाणची सूर्योदयाची वेळ ठाऊक असली पाहिजे. गोंदियात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला लोणारला त्यानंतर साधारण दहा-बारा मिनिटांनी उगवतो. शिवाय पंचांगातील सूर्योदय आणि आपल्या तलावावर ऊन पडण्याची वेळ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नवेगावबांधसारख्या टेकड्यांनी वेढलेल्या जलाशयावर सूर्य टेकडीआडून वर येतो. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सूर्य तासाला साडेबारा अंशांच्या आसपास चढत असल्यामुळे क्षितिजापासून दोन अंश उंच दिसणारी टेकडीही ऊन आठ-दहा मिनिटे अडवून धरते. लोणारच्या विवरात तर काठावर कोवळे ऊन आल्यानंतरही खाली पाण्याशी बराच वेळ सावली असते. तेथे उजेडाचे गणित काठावर उभे राहून मांडले, तर ते खाली चुकते.

त्यानंतर फोटो शंभर टक्के मोठा करून शांतपणे पाहावा आणि धूसरपणाची जात ओळखावी. पक्ष्याच्या डोळ्यातील प्रकाशबिंदू ठिपक्याऐवजी रेघेसारखा ओढलेला दिसत असेल आणि पाण्यावरची पानेही त्याच दिशेने ओढलेली असतील, तर कॅमेरा हलला आहे. पाने स्वच्छ असून केवळ डोके किंवा पंख ओढलेला असेल, तर पक्षी हलला आहे. पक्ष्याच्या पुढची किंवा मागची एखादी काडी धारदार दिसत असेल, तर फोकस चुकला आहे. संपूर्ण फोटोवर दुधट पडदा असेल आणि काळा रंग कुठेच खरा काळा वाटत नसेल, तर संशय काचेवर घ्यावा. आणि चौकटीत कुठेही काहीच धारदार नसेल, कडा ओढलेल्या नसून वेड्यावाकड्या झाल्या असतील आणि सलग घेतलेल्या दहा फोटोंत प्रत्येकाचा धूसरपणा वेगळा असेल, तर तो हवेचा दोष आहे. ही शेवटची जात सर्वांत जास्त वेळा आढळते आणि सर्वांत कमी वेळा ओळखली जाते, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास

या वेळेतील बहुतेक बिघाड शटरच्या वेगाचे असतात. १५०-६०० मिलीमीटरची झूम लेन्स ६०० वर नेली, की तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, साधारणपणे एफ/६.३ पेक्षा मोठे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० ठेवले तरी सूर्योदयापूर्वी पंधरा-वीस मिनिटे शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपासच मिळतो आणि सूर्य वर येऊन दहा मिनिटे झाली, की त्याच आकड्यांवर १/१००० च्या पुढे जाता येते. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात उजेड पाच-सहा स्टॉपने वाढतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). सुरुवातीला एकदा लावलेले आकडे तसेच ठेवून तासभर फोटो काढणे हे या वेळेतील धूसरपणाचे सर्वांत साधे कारण आहे.

हात न हलण्यासाठी शटरचा वेग फोकल लेंग्थच्या व्यस्तात ठेवावा, म्हणजे ६०० मिलीमीटरला १/६०० सेकंद, हा जुना नियम सर्वांना पाठ असतो. लेन्समधील स्थिरीकरणामुळे त्यात सवलत मिळते, मात्र ती फक्त आपल्या हाताच्या हालचालीपुरती असते. पक्ष्याच्या हालचालीवर स्थिरीकरणाचा काडीचाही परिणाम होत नाही. सारस एका जागी उभा दिसतो, पण चोचीने पाठीची पिसे विंचरताना त्याचे डोके क्षणभरही स्थिर नसते. १/६० सेकंदावर त्याचे पाय आणि छाती स्वच्छ येतात आणि डोक्याच्या जागी लाल फराटा उमटतो. जोडी मान उंचावून साद घालू लागली, की १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नये आणि पाण्यावरून उठणाऱ्या बदकांसाठी १/२००० सेकंद हाताशी असावे. एवढा उजेड नसेल तर आयएसओ ६४०० पर्यंत खुशाल वाढवावे. आयएसओमुळे येणारे दाणे आजची सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी काढून टाकतात, तर हललेल्या फोटोतील हरवलेले बारकावे कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. आयएसओच्या भीतीने शटरचा बळी देण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी एकदा दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहावेत.

या वेळी पाण्यावरची चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लेन्सवर असेल तर तो काढावा, कारण तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. स्वस्त संरक्षक फिल्टरही काढलेला बरा. समोरून उजेड येत असताना त्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये उजेड फिरून चित्र फिके पडते. कॅमेऱ्याला आधार म्हणून पाळीच्या दगडावर ठेवलेली बीनबॅग, म्हणजे आत काही भरलेली मऊ पिशवी, ट्रायपॉडइतकीच उपयोगी पडते आणि तिच्या मागे आडवे झाले, की पक्ष्यांना आपली आकृतीही दिसत नाही. बीनबॅग रिकामी न्यावी आणि गावात धानाचा कोंडा भरून घ्यावा. तो हलका असतो आणि सहज मिळतो.

दव आणि गरम लेन्स

डिसेंबर-जानेवारीत पूर्व विदर्भात किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते आणि तलावाकाठची हवा दमट असते. निरभ्र आकाशाखाली उघडी ठेवलेली लेन्सची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि मग गवतावर पडते तसेच दव काचेवरही साचते. त्याचा पहिला थर इतका बारीक असतो, की व्ह्यूफाइंडरमधून तो लक्षात येत नाही. फक्त फोटोतील काळे रंग राखाडी होत जातात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढची काच मोबाइलच्या उजेडात तिरकी धरून पाहणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. फोटो काढायचा नसेल तेव्हा लेन्सवर दुपट्टा टाकून ठेवावा आणि हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे नळकांडे) लावून ठेवावे, म्हणजे काचेला मोकळे आकाश कमी दिसते. पॉवर बँकेवर चालणारी, लेन्सभोवती गुंडाळायची तापपट्टीही मिळते. दुर्बिणीतून आकाश पाहणारे लोक ती पूर्वीपासून वापरतात.

याच्या उलट बिघाड गाडीतून येणाऱ्यांचा होतो. हीटर लावलेल्या गाडीतून किंवा पांघरुणांच्या उबेतून बाहेर काढलेली मोठी लेन्स भोवतालच्या थंड हवेत बराच वेळ गरम राहते आणि तिच्या पुढे, विशेषतः हूडच्या नळकांड्यात, गरम हवेचे लहान झोत फिरू लागतात. पक्षी अगदी जवळ असला तरी फोटो मऊ येतो आणि लोक फोकस तपासत बसतात. लेन्स रात्री घराच्या छपरीत, बंद पिशवीत ठेवावी म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकीच गार राहते. ते जमले नसेल तर तलावावर पोहोचल्यावर पहिली वीस-तीस मिनिटे हूड काढून ठेवावे आणि लेन्स निवल्यानंतर दवासाठी ते पुन्हा लावावे. हूडविषयी परस्परविरुद्ध सल्ले मिळतात ते याच कारणाने; दोन्ही सल्ले आपापल्या वेळेला बरोबर आहेत.

परत येताना थंड लेन्स थेट स्वयंपाकघराच्या उबेत उघडू नये. बाहेरच तिला पिशवीत बंद करावे आणि घरात आल्यावर तासाभराने पिशवी उघडावी. पावसाळ्यात एसी लावलेल्या गाडीतून उतरताना हीच गोष्ट उलट दिशेने घडते. गार झालेली काच दमट हवेत आली, की क्षणात आंधळी होते. असे वारंवार झाले तर लेन्सच्या आत बुरशी धरते आणि मग प्रत्येक फोटो, कोणत्याही वेळी, फिकाच येतो.

थंडीतही हवा थरथरते

आता मुख्य कारणाकडे वळू. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारी झळ सर्वांना माहीत असते, त्यामुळे हवेची थरथर ही फक्त उन्हाळ्याची गोष्ट आहे असा पक्का समज आहे. प्रत्यक्षात थरथर किती होईल, हे हवा किती गरम आहे यावर ठरत नाही. खालचा पृष्ठभाग आणि वरची हवा यांच्या तापमानात किती फरक आहे, यावर ते ठरते. तलावाचे पाणी रात्रभरात फारसे निवत नाही, पण त्याच्या वरची हवा झपाट्याने निवते, म्हणून हिवाळ्याच्या पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असते. पाण्यावरून उठणारी वाफ, जिच्यासाठी आपण एवढ्या पहाटे तिथे गेलेलो असतो, ती याच फरकाची खूण आहे. वाफेबरोबर उबदार हवेचे बुडबुडेही वर चढत असतात. उबदार आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळत असल्यामुळे अशा हवेच्या दीडशे मीटर थरातून पाहणे हे हलत्या पाण्यातून तळाचा दगड पाहण्यासारखे होते.

हा दोष ओळखण्यासाठी शेकाट्या हा पक्षी फार उपयोगी आहे. त्याचे गुलाबी पाय काडीसारखे बारीक, लांब आणि सरळ असतात. फोटोत त्या पायांची कड गुडघ्याच्या वर-खाली नागमोडी दिसली, एका फोटोत पाय जाड आणि पुढच्याच फोटोत बारीक दिसला, तर लेन्सला, फोकसला किंवा हाताला दोष देण्याचे कारण उरत नाही. अशा हवेत शटरचा वेग १/४००० सेकंद केला तरी फरक पडत नाही, कारण त्या क्षणी प्रकाश वाकडाच आलेला असतो. अ‍ॅपर्चर लहान केल्यानेही काही साधत नाही. संगणकावर धार वाढवली, तर नागमोडी कडाच अधिक ठळक होतात. शिवाय ऑटोफोकसलाही हीच वाकडी कड दिसत असल्यामुळे तो पुढे-मागे शोधत राहतो आणि फोकस चुकल्याचा आभास होतो.

उपाय मुळात एकच आहे, तो म्हणजे पक्षी आणि आपण यांच्यामधील हवा कमी करणे. तीस-चाळीस मीटरच्या आत पक्षी असेल, तर सामान्य हिवाळी पहाटे ही थरथर फारशी जाणवत नाही. शंभर मीटरपलीकडे ६०० मिलीमीटरने काढलेल्या फोटोत पिसांचे बारकावे मिळण्याची आशा धरू नये. येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. अंतर कमी करायचे म्हणजे पक्ष्याच्या दिशेने चालत जायचे असे नाही. तसे केल्याने पक्षी उडतो, थव्याची सकाळची चारा शोधण्याची वेळ वाया जाते आणि आपल्यालाही फक्त पाठमोरे फोटो मिळतात. पक्षी कोणत्या काठाला येतो हे आधी लांबून, दुर्बिणीने पाहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच त्या काठावर बेशरमच्या झुडपांआड किंवा तणसाच्या आडोशाला बसून राहावे. तलावाच्या पाण्यात डोंगा घेऊन रोज उतरणाऱ्या ढिवर बांधवांना विचारले, तर कोणता थवा किती वाजता कुठे असतो हे ते अचूक सांगतात. मासेमारीचा हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे काठावर आडोसा उभारण्यापूर्वी त्यांना विचारणे हे रीतीलाही धरून आहे आणि आपल्या जाण्या-येण्याने त्यांच्या जाळ्यांचे नुकसानही होत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, सारसाचे घरटे असेल तेव्हा मात्र हा आडोशाचा उपायही वापरू नये. अंडी किंवा पिल्ले असताना जोडीला घरट्यापासून दूर ठेवणारा कोणताही फोटो काढण्यायोग्य नसतो.

नजरेची उंची हा दुसरा मुद्दा. पाण्याच्या पातळीवर आडवे होऊन काढलेला फोटो देखणा येतो, कारण मागची पार्श्वभूमी दूर जाऊन विरघळते. पण नजरेची रेषा पाण्याला चिकटून गेल्यामुळे ती सर्वांत अस्वस्थ थरातून जाते. पक्षी जवळ असेल तर खाली आडवे व्हावे आणि पक्षी लांब असेल तर पाळीवर चढून थोड्या उंचीवरून काढावा. दोन्ही ठिकाणांहून एकाच पक्ष्याचे दहा-दहा फोटो घेतले, तर फरक डोळ्यांना दिसतो.

वेळेचा विचार केला तर पहाटेची थरथर ऊन वर आल्यावर लगेच संपत नाही. तिचे रूप बदलते. हवा तापू लागते आणि पाणी-हवेतील फरक कमी होतो, त्यामुळे पाण्यावरची थरथर काही काळ मंदावते. त्याच वेळी कोरडी जमीन मात्र पाण्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. धानाच्या कापणीनंतरच्या बांध्या, पाळीवरची वाट आणि गाळपेरीची (पाणी ओसरल्यावर तलावाच्या गाळात पेरणी करण्याची) उघडी जमीन यांच्यावरून पाहिल्यास साडेआठ-नऊपर्यंत झळ उठलेली असते. वऱ्हाडातील काळ्या रानात ती आणखी लवकर उठते, कारण काळी माती ऊन अधिक शोषते. म्हणून पक्षी पाण्यात असला तरी आपल्या आणि त्याच्या मध्ये उघडी जमीन किती आहे हे पाहून बसण्याची जागा ठरवावी. पाण्याच्या अगदी काठाशी बसलेल्याला जो फोटो मिळतो तो वीस मीटर मागे, वाळलेल्या बांधीत बसलेल्याला मिळत नाही. गाडीतून फोटो काढणाऱ्यांनी इंजिन बंद करावे आणि बॉनेटवरून नेम धरू नये. इंजिन बंद केल्यावरही बॉनेटवरून बराच वेळ गरम हवा उठत असते.

ढगाळ सकाळ याबाबतीत उत्तम असते. सोनेरी उजेड मिळत नाही म्हणून लोक ढगाळ दिवशी घरीच थांबतात, पण आदल्या रात्रीही आभाळ असेल तर हवा फारशी निवत नाही, पाणी-हवेतील फरक कमी राहतो आणि पिसांचे बारकावे टिपायला अशी सकाळ स्वच्छ उन्हापेक्षा सरस ठरते.

आणि काही सकाळी अशा असतात, की पक्षी लांबच राहतात आणि हवा काही केल्या स्थिर होत नाही. तेव्हा ६०० मिलीमीटरचा हट्ट सोडून ७०-२०० किंवा त्याहूनही रुंद लेन्स लावावी आणि पक्षी लहान ठेवून वाफ, पाळीवरची झाडे, मागची टेकडी आणि पाण्यातील प्रतिबिंब यांचे चित्र करावे. पक्षी चौकटीत लहान असला, की तीच थरथर मोठी होऊन दिसत नाही. सारस सुमारे १८० सेंटीमीटरपर्यंत उंच होतो आणि उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच आहे. चौकटीच्या विसाव्या भागाएवढा असला तरी त्याची आकृती ओळखू येते. माझ्या मते मामा तलावावरील सारसाचा उत्तम फोटो बहुधा असाच असतो, कारण त्यात तो ज्या पाण्यावर आणि धानावर जगतो तेही दिसते.

फोकस कुठे बसतो

वाफेत आणि समोरच्या उजेडात ऑटोफोकसला कड सापडत नाही, म्हणून तो जवळची बेशरमची काडी, देवधानाचे पाते किंवा पाण्यावरची चमक पकडतो. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारे बटण असेल तर ते दूरच्या टप्प्यावर लावावे, म्हणजे जवळच्या काड्या आपोआप वगळल्या जातात. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यातील पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय चांगल्या उजेडात कौतुकास्पद काम करते. पक्ष्याची फक्त काळी आकृती दिसत असताना मात्र तिच्यावर विसंबू नये. एकच फोकस बिंदू निवडून तो पक्ष्याच्या मानेची काळी कड आणि मागचे उजळ पाणी जिथे मिळतात तिथे ठेवावा. फोकस एकदा बसला, की शटरच्या बटणावरून तो पुन्हा हलू नये यासाठी फोकस मागच्या बटणावर द्यावा.

तांबड्या उन्हातील लाल रंग

सूर्यबिंब क्षितिजावर दिसू लागल्यापासून पूर्ण वर यायला हिवाळ्यात आपल्याकडे अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. त्यानंतरच्या आठ-दहा मिनिटांतील ऊन इतके तांबडे असते, की सेन्सरवरील लाल रंगाची माहिती हिरव्या आणि निळ्याच्या कितीतरी आधी भरून वाहते. सारसाच्या डोक्यावर आणि मानेच्या वरच्या भागावर पिसे नसतात; तिथे लाल, किंचित खरबरीत कातडी असते आणि तिच्यावरचे दाणे हेच जवळच्या फोटोचे खरे सौंदर्य असते. या उन्हात ती कातडी सपाट लाल डागासारखी येते. डोळा स्वच्छ, चोच स्वच्छ आणि डोके मात्र धूसर, असा फोटो दिसला तर फोकस तपासण्यात वेळ घालवू नये.

कॅमेऱ्यातील एकत्रित, पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, येथे फसवतो, कारण त्यात लाल रंग भरून वाहिल्याचे दिसत नाही. तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती सुरू करावी, लाल रंगाचा उंचवटा उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे आणि फाइल रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपात ठेवावी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची जुळणी, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो तांबडेपणा दोष समजून पुसतो; दिवसाच्या उन्हासाठी असलेला पर्याय लावला तर सकाळ सकाळसारखी दिसते. चित्रबलाकाच्या गुलाबी पिसांनाही हेच लागू आहे.

पाळीवरून घेतलेले दृश्य

निसर्गदृश्यातील धूसरपणाची कारणे मोजकी आहेत. ओल्या पाळीवर किंवा काठच्या चिखलात रोवलेला ट्रायपॉड दोन-चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हळूहळू खचतो. पायांखाली चपटे दगड ठेवावेत आणि ट्रायपॉड वरून दाबून, तो बसल्यानंतरच बटण दाबावे. सूर्याभोवती किरणांचा तारा यावा म्हणून अ‍ॅपर्चर एफ/२२ केले, की लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळी चौकट मऊ होते. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ मिलीमीटर फोकल लेंग्थ आणि एफ/८ असताना दोन मीटरवर फोकस केला, तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्वच्छ येते, त्यामुळे एफ/२२ ची गरजच पडत नाही. आकाश आणि पाणी यांसाठी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते जोडणार असाल, तर मधल्या काळात हललेला पक्षी दोन ठिकाणी उमटतो. पक्षी आणि त्याचे प्रतिबिंब दोन्ही एकाच फोटोतून घ्यावे.

संध्याकाळी हा सगळा क्रम उलटा चालतो. दुपारची झळ जमिनीवर सूर्यास्ताच्या तासभर आधीपर्यंत टिकते, म्हणून चार वाजता लांबच्या पक्ष्यांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. सूर्य टेकायला आला, की झळ ओसरते, पण त्याच वेळी उजेडही झपाट्याने कमी होत असल्यामुळे शटरचा वेग सारखा पाहत राहावा लागतो. रात्रीच्या मुक्कामाला येणारे थवे बहुधा सूर्यास्तानंतरच पाण्यावर उतरतात. त्यांच्यासाठी पश्चिमेचे उजळ आकाश मागे घेऊन आकृतीचे फोटो घेणे शहाणपणाचे. पिसांचे बारकावे त्या उजेडात मिळत नाहीत. धानाची कापणी-मळणी सुरू असते तेव्हा हवेत धूळ आणि धूर असतो, त्यामुळे दूरचे काठ फिके दिसतात. ते हवेचे खरे रूप आहे, बिघाड नव्हे.

तरीही शंका उरली तर

हे सारे तपासूनही लेन्सविषयी शंका उरली, तर तिची परीक्षा तलावावर घेऊ नये. ढगाळ दिवशी किंवा सावलीत, वीस मीटरवर खताच्या रिकाम्या पोत्यावरील छापील अक्षरे उभी लावावीत, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करण्याची सूचना लेन्सच्या पुस्तिकेत असेल तर ते बंद करावे आणि दोन सेकंदांच्या टायमरवर १/१००० सेकंदाने फोटो घ्यावा. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून आणि दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, फोकस करून घ्यावा. दुसरा स्वच्छ आणि पहिला धूसर असेल, तर फोकसची सूक्ष्म जुळणी करावी लागेल. ती सोय काही कॅमेऱ्यांत आपल्याला स्वतः करता येते. दोन्ही धूसर असतील, तर लेन्स कॅमेऱ्यातून काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावावा आणि पुढून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. या परीक्षेत दोष सापडला तरच लेन्स दुरुस्तीला पाठवावी, आणि सोबत पोत्याचे हेच दोन फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात द्यावेत, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला नेमके काय तपासायचे ते कळेल.